गुन्हेगार आणि गुन्हेगाराचा समाज

प्रश्न पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ माणसे मारली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातील काही मुलांनी या विद्यार्थ्याच्या काश्मिरी खोलीमित्राला सगळ्यांसमोर बोलावले आणि ‘निषेध कर, माफी माग’ असे सांगितले. तो मुलगा काहीच बोलला नाही, खोलीत निघून गेला आणि पुढचे चार दिवस मेसमध्ये जेवायलाही आला नाही. प्रश्नकर्ता विचारतो की, त्याच्याकडून निषेधाची अपेक्षा करणे चूक होते का, ‘सगळे तसे नसतात, पण मग बाकीचे गप्प का बसतात’ या युक्तिवादाला उत्तर काय, आणि एखाद्या समाजातील माणसाने केलेल्या गुन्ह्याची त्या समाजावर काही जबाबदारी येते असे कायदा मानतो का.

मी पस्तीस वर्षे फौजदारी वकिली करतो आहे, बहुतेक काळ सातारा आणि सांगली भागात. दंगलीच्या खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि घर जळालेल्या फिर्यादींच्या बाजूनेही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी तत्त्वज्ञानातून देणार नाही, न्यायालयात आणि आमच्या गावांत जे पाहिले त्यातून देईन.

कायद्याचा भाग आधी संपवतो, कारण तो तुलनेने सरळ आहे. आपल्या फौजदारी कायद्यात एखाद्या समाजाला आरोपी करण्याची सोय नाही. पुष्कळ जण इथे जुन्या दंड संहितेची कलमे ३४ आणि १४९ पुढे करतात. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी ३(५) आणि १९० आली आहेत. त्यांत ‘समान इरादा’ आणि ‘समान उद्दिष्ट’ असे शब्द आहेत, म्हणून एकाने केलेल्या कृत्यासाठी दुसऱ्याला शिक्षा होऊ शकते, हे खरे आहे. परंतु हा इरादा किंवा हे उद्दिष्ट प्रत्येक आरोपीपुरते वेगळे सिद्ध करावे लागते. दंगलीच्या खटल्यात पिंजऱ्यात चाळीस आरोपी उभे असले, तरी प्रत्येकाचे नाव घेऊन साक्षीदाराला विचारले जाते की हा कोठे उभा होता, याच्या हातात काय होते, तुम्ही याला किती अंतरावरून पाहिले, उजेड कशाचा होता. मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराच्या बोटावर माणूस फासावर जाऊ नये, म्हणून दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत जबाबांची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मसालती खटल्यात योग्य मानली. जमाव कितीही मोठा असो, न्यायालयात शिरताना त्याची माणसे व्हावी लागतात.

बंदी घातलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्व गुन्हा ठरते का, यावर मात्र न्यायालयांचे मत बदललेले आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसते सदस्यत्व पुरेसे नाही असे म्हटले होते, तर २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. या बदलाबद्दल माझ्या मनात शंका आहेत, पण या ठिकाणी मुद्दा वेगळा आहे. संघटनेत माणूस स्वतःच्या पायांनी जातो आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकतो. जात, धर्म आणि प्रांत त्याला जन्माबरोबर मिळतात. जन्माला सदस्यत्वाचा अर्ज समजणे ही चूक आपल्या राज्यकर्त्यांनीही केलेली आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि मूल जन्मण्याआधीच त्याचा गुन्हा ठरवून टाकला. सोलापूरची तारेच्या कुंपणाआतली सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायची वस्ती, आणि तिथली हजेरी आठवणारी माणसे माझ्या वकिलीच्या सुरुवातीला हयात होती. कायदा १९५२ मध्ये गेला, तरी आजही चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, आणि अशा अटकेतल्या मुलांच्या जामिनाची कामे मी वर्षानुवर्षे केली आहेत.

आता ज्या घटनेने आमच्या भागाला हा प्रश्न कायमचा शिकवायला हवा होता, तिच्याकडे येतो. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली. मारणारा पुण्याचा ब्राह्मण आहे हे कळताच पुढच्या काही दिवसांत पुणे, मुंबई, नागपूर, आणि सर्वांत जास्त सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील गावांमध्ये ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत वि. दा. सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी वारले. खेड्यांतल्या वाड्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, पण गावात गेलात तर ‘अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत गेलेला वाडा’ म्हणून मोकळी जागा आजही दाखवतात.

या जाळपोळीची कारणे नुसत्या शोकात नव्हती. जातीच्या उतरंडीने केलेला अपमान, सावकारी, गहाण पडलेल्या जमिनी, कुळांचे हाल, हे सगळे त्या आगीत होते, आणि तो राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या रागाचा हिशेब करायचे मार्ग वेगळे होते आणि ते पुढे निघालेही. त्याच १९४८ सालच्या कूळ कायद्याने आणि नंतर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, त्यासाठी कोणाचे घर जाळावे लागले नाही. आगीने मात्र सावकार आणि शाळामास्तर, जमीनदार आणि भिक्षुकी करून पोट भरणारी विधवा यांत फरक केला नाही. तिने आडनाव पाहिले.

त्याच वर्षी पुढे दिल्लीत लाल किल्ल्यात खटला चालला. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर आठ आरोपी होते, आणि त्या आठांची नावे नीट वाचली तरी ‘ब्राह्मणांनी मारले’ हे वाक्य कोसळते. नथुराम आणि गोपाळ हे गोडसे बंधू, नारायण आपटे, विष्णू करकरे, सावरकर, ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांच्याबरोबर त्याच बाकावर मदनलाल पाहवा होता, जो फाळणीत घरदार गमावून आलेला पंजाबी निर्वासित होता आणि ज्याने २० जानेवारीला प्रार्थनासभेच्या जागी स्फोट केला होता. शेवटचा शंकर किस्तय्या, शस्त्रांचा व्यापार करणाऱ्या दिगंबर बडगेचा नोकर. खुद्द बडगे माफीचा साक्षीदार झाला. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले, गोडसे आणि आपटे यांना फाशी आणि इतर पाच जणांना जन्मठेप झाली. अपिलात पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने परचुरे आणि किस्तय्या यांनाही सोडले. या निकालातील एकेका निष्कर्षावर आजही वाद होतात, ते होऊ द्यावेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, राष्ट्रपित्याच्या खुनाच्या खटल्यातसुद्धा, देश शोकाने आणि संतापाने वेडा झालेला असताना, उच्च न्यायालयाने बडगेच्या नोकराविरुद्ध स्वतंत्र पुरावा काय आहे, असा प्रश्न विचारला आणि पुरावा अपुरा वाटला तेव्हा त्याला घरी पाठवले. साताऱ्यात जाळपोळीच्या दिवसांत कोणी कोणाला काहीही विचारले नव्हते.

आणि आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. गांधीहत्येच्या बाबतीत खुनी सोडून इतरांची जबाबदारी खरोखरच होती. ती जातीची नव्हती, माहितीची आणि अधिकाराची होती. २० जानेवारीला मदनलाल पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालने आपल्याला काय सांगितले होते ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानांवर घातले. दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांकडे दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत दोन्हीकडची माहिती एकमेकांना नीट जुळली नाही आणि गोडसे पुन्हा दिल्लीला पोहोचला. पुण्यात तर त्याहून मोठी गोष्ट दडून राहिली होती. नोव्हेंबर १९६४ मध्ये, सुटून आलेल्या गोपाळ गोडसे आदींच्या सत्काराच्या कार्यक्रमात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी जाहीरपणे सांगितले की, नथुरामच्या मनात काय आहे हे आपल्याला आधी ठाऊक होते, आणि आपण ते पुण्याचे कार्यकर्ते बाळूकाका कानिटकर यांच्यामार्फत सरकारला कळवले होते. त्यावर संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला आणि अखेर न्या. जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६६ ते १९६९ या काळात, कोणाला काय आणि केव्हा माहीत होते, कोणी कोणाला कळवले आणि कळल्यावर कोणी काय केले, याची चौकशी केली.

हे प्रश्न पुन्हा वाचा. हिंसेनंतर जे विचारायला हवेत ते हेच प्रश्न आहेत. यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट माणसाचे नाव आहे. केतकरही ब्राह्मण, कानिटकरही ब्राह्मण आणि खेरही ब्राह्मण, परंतु तिघांना विचारायचा प्रश्न तीन प्रकारचा आहे. सरदार पटेलांनी त्याच वर्षी गोळवलकर गुरुजींना लिहिलेल्या पत्रात, हत्येनंतर आनंद व्यक्त करून मिठाई वाटली गेल्याचा उल्लेख आहे. ज्यांनी वाटली त्यांनी आपल्या त्या कृत्याचे उत्तर द्यायलाच हवे होते. पण हे सगळे शोधायला वेळ, चिकाटी आणि कागद लागतात. गाव पेटवायला रॉकेलचा एक डबा लागतो, आणि गाव पेटले की बदला पूर्ण झाल्यासारखे वाटून खरे प्रश्न विचारायची कोणाला गरज राहत नाही. जाळपोळ होऊन गेल्यावर माहितीचा प्रश्न ऐरणीवर यायला सतरा-अठरा वर्षे लागली, तीही केतकर स्वतःहून बोलले म्हणून.

म्हणजे समूहाला दोष देण्यात निरपराध भरडले जातात, ही अर्धीच बाब झाली. दुसरी अर्धी अशी की, त्यात अपराधी निसटतात. आणि ते दोन्ही बाजूंचे निसटतात. अठ्ठेचाळीसमध्ये घरे कोणी जाळली याचे उत्तर आमच्या भागात आजही ‘लोकक्षोभाने’ असे मिळते. लोकक्षोभ नावाच्या इसमावर आजवर कोणत्याही न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झालेले नाही. दंगलीची फिर्याद लिहिणारे ठाणे अंमलदार ‘दोनशे ते तीनशे अनोळखी लोकांचा जमाव’ असे लिहितात. महिने जातात आणि मग ‘अ समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाले नाहीत. मी असे कागद शेकड्याने पाहिले आहेत. ज्या गावात सगळे एकमेकांना बापजाद्यांपासून ओळखतात, तिथे तीनशे अनोळखी माणसे आली कोठून, हा प्रश्न कागदावर कोणीच विचारत नाही. एका समाजाने सगळे केले असे म्हणणारा माणूस, उलट बाजूच्या हिंसेच्या वेळी, कोणीच काही केले नाही असे म्हणतो. ही दोन्ही वाक्ये एकाच सवयीतून येतात.

दिल्लीत १९८४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. इंदिरा गांधींना मारणारे दोन अंगरक्षक होते, आणि सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. हत्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बलबीर सिंग या आरोपीला पुराव्याअभावी सोडले. पण गल्लीत ज्यांच्या गळ्यात जळते टायर घातले गेले, त्यांच्या बाबतीत पुराव्याचा विषयच निघाला नव्हता. तिथेही ‘उत्स्फूर्त प्रतिक्रिया’ हा शब्द वर्षानुवर्षे ढाल म्हणून वापरला गेला, आणि काँग्रेस नेते सज्जन कुमार यांच्यासारख्या माणसाला उच्च न्यायालयात दोषी ठरायला २०१८ साल उजाडले.

समूहावर संशय ठेवण्याचे नुकसान तपासालाही होते, आणि हे पोलिसांशी बोलताना मी नेहमी सांगतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कबरस्तानाजवळ स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. मरणारे बहुतेक मुसलमान. तरीही अटक झाली ती नऊ मुसलमान तरुणांना. ते पाच वर्षे तुरुंगात राहिले, नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या तरुणांना दोषमुक्त केले. त्यांची पाच वर्षे गेली हे उघड आहे. पण ज्या घरांतले लोक स्फोटात मेले, त्यांचाही न्याय त्या पाच वर्षांत गेला. ताज्या खुणा, ताजे साक्षीदार, गाड्यांच्या नोंदी या गोष्टी पाच वर्षे थांबत नाहीत. याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा खटला ठेवून पाहावा. कसाबला फाशी झाली, परंतु त्याच्याबरोबर उभे केलेले दोन भारतीय आरोपी न्या. ताहिलियानी यांनी पुराव्याअभावी सोडले, आणि तो निर्णय उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकला. त्या काळी मुंबईत हे निकालपत्र लिहिणे सोपे नव्हते. मला त्या निकालपत्राबद्दल वकील म्हणून आदर आहे.

निषेधाच्या अपेक्षेकडे आता येतो. स्वतःहून जबाबदारी घेणे आणि दुसऱ्याने ती लादणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मार्च १९४८ मध्ये गांधीजींचे सहकारी सेवाग्रामला जमले, तेव्हा विनोबांनी आपण मारेकऱ्याच्याच प्रांतातले आणि त्याच्याच जातीत जन्मलेले आहोत, जात कधीच सोडली असली तरी हे विसरता येत नाही, अशा अर्थाचे बोल काढले. साने गुरुजींनी २१ दिवसांचा उपवास केला. या दोघांनी नथुरामच्या गुन्ह्यात काडीचाही भाग घेतला नव्हता, आणि तरीही ते ओझे त्यांनी उचलले, याला माझा हात आपोआप जोडला जातो. पण समजा, सेवाग्रामच्या त्या सभेत कोणी उठून विनोबांना म्हणाले असते की, तुम्ही त्या जातीचे आहात, आधी माफी मागा आणि मग बसा. तर तेच शब्द विनोबांच्या तोंडून आले असते तरी त्यांचा अर्थ उलटा झाला असता. ती शरणागती झाली असती. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते, ते वसूल करता येत नाही.

२६/११ नंतर मुंबईच्या मुस्लीम विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना कबरस्तानात जागा द्यायला नकार दिला. ते मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप दफन केले. विश्वस्तांच्या या निर्णयाचे देशभर कौतुक झाले. मलाही तो धीराचा वाटतो, कारण मृताला माती नाकारणे त्यांच्या दृष्टीने फार जड असणार. पण त्याबरोबर एक खंतही आहे. त्या कौतुकात ‘पाहा, हे चांगले मुसलमान’ असा सूर होता, आणि त्या सुराने पुढच्या प्रत्येक वेळी परीक्षेची पायरी वाढवली. जो एकदा निषेध करतो त्याला पुढच्या स्फोटानंतर पुन्हा विचारले जाते, तू आज का नाही बोललास. या परीक्षेला उत्तीर्ण होण्याचे गुण ठरलेलेच नाहीत.

कायदा मात्र गप्प बसणे कोठे गुन्हा होते हे स्पष्ट सांगतो. खून, दरोडा, देशाविरुद्ध युद्ध अशा ठराविक गुन्ह्यांची माहिती किंवा बेत कळला तर तो पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ आहे. जाणूनबुजून आसरा देणे, पैसे पुरवणे, गुन्हेगाराला लपवणे, द्वेष पसरवणारे भाषण करणे, यांतही प्रत्येक ठिकाणी माणसाचे ज्ञान आणि त्याची कृती पाहिली जाते. त्यात ‘अमुक समाजाचा असेल तर’ अशी अट कोठेही नाही. माझ्या शेजारी जो बेत शिजतो तो मला कळला, तर माझ्यावर कर्तव्य येते, शेजारी माझ्या जातीचा असो वा नसो. पहलगामपासून शेकडो मैल दूर पुण्यात वर्गात बसलेल्या मुलाला त्या बेताची कोणती माहिती होती? काहीच नसेल, तर त्याच्या गप्प बसण्यात आणि तुमच्या गप्प बसण्यात कायद्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

‘मग बाकीचे गप्प का’ याचे मला सापडलेले सर्वांत खरे उत्तर एका म्हाताऱ्या बाईंनी दिले. नव्वदच्या दशकात मी एका वाटणीच्या दाव्यात त्यांचा वकील होतो. अठ्ठेचाळीसमध्ये त्यांचा वाडा जळाला होता, तेव्हा त्या नव्याने सून म्हणून आलेल्या, वय एकोणीस. वाटणीची याद नोंदणी केलेली नव्हती, म्हणून तिची नक्कल कोठेही नव्हती. मूळ कागद अर्धा जळालेला होता, तो त्यांनी पितळेच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून जपला होता. काठ तपकिरी होऊन वाळल्या पानासारखे चुरत होते, आणि नेमकी ज्या ओळीत ओढ्याकडची जमीन कोणाच्या वाट्याला गेली ते लिहिले होते, तिचा शेवट आगीने खाल्ला होता. मूळ कागद नष्ट झाला असला तर दुय्यम पुरावा देता येतो, पण कागद कसा आणि केव्हा नष्ट झाला हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणून आजींची साक्ष हवी होती.

साक्षीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कोर्टाच्या व्हरांड्यात, मी त्यांना विचारले की आजी, आग लावणाऱ्यांना तुम्ही पाहिले होते का. त्या म्हणाल्या, “पाहिलं म्हणजे काय, वकीलसाहेब, सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यातल्या एकाच्या लग्नात आमच्या घरची भांडी गेली होती.” मी म्हणालो, मग उलटतपासणीत विचारले तर सांगा, साक्ष भक्कम होईल. त्यांनी मान हलवली. “नाही सांगायची. ती माणसं गेली. आता नाव घेतलं तर ते त्यांच्या नातवंडांना लागेल. आणि ज्या बाईनं मला तीन दिवस कडब्याच्या गंजीमागं लपवून भाकरी घातली, ती त्याच आळीतली, त्यांच्याच भावकीतली. मी नाव घेतलं तर लोक तिच्या घराकडंही बोट दाखवतील.”

विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी विचारलेच. आजी म्हणाल्या, “अंधार होता.” न्यायाधीशांनी तसे नोंदवून घेतले.

त्या दिवशी मला त्यांचा थोडा राग आला होता. आज कळते की, त्या जे बोलल्या तीच आपल्या समाजाची खरी अडचण आहे. एका माणसाचे नाव घेतले की ते त्याच्या घराला, आळीला, जातीला चिकटते, हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ज्यांना नावे माहीत असतात ते ती कधीच सांगत नाहीत. हे कोणत्याही समाजात होते. एखाद्या मोहल्ल्यात एखादा पोरगा वाईट संगतीला लागला आहे हे आईला, मौलवींना, पानवाल्याला दिसत असते. त्यांना खात्री असती की पोलीस त्या एकालाच उचलतील आणि उरलेला मोहल्ला निवांत झोपेल, तर ते लवकर बोलले असते. पण आपण मोहल्लाच उचलतो. समूहाला दोष देण्याची सवय साक्षीदारांची तोंडे शिवते, आणि मग आपणच विचारतो की, हे गप्प का.

आता तुमच्या खोलीमित्राबद्दल. पहलगामच्या हल्लेखोरांनी पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस कोण आहे, त्याने काय केले आहे, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते, त्याचा समूह कळला की त्यांना पुरेसे होते. त्याच कुरणात, त्याच दिवशी, पर्यटकांना वाचवायला धावलेला एक स्थानिक घोडेवाला मारला गेला. आणि पुढे जूनमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने हल्लेखोरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून दोघा स्थानिकांना अटक केली. तिघेही काश्मिरी, तिघेही मुसलमान. दोघांवरचा आरोप न्यायालयात तपासला जाईल, तिसऱ्याच्या नावाने गावात कबर आहे. त्यांना एका शब्दात बसवणारा कोणताही शब्द मराठीत काय, कोणत्याच भाषेत खरा ठरणार नाही. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता अशा, त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने, ज्यांनी मारले त्यांना शिक्षा व्हावी, पण लोकांनी मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये, असे सांगितले. तिला त्यासाठी शिव्या खाव्या लागल्या. ज्यांचे काहीही गेले नव्हते ते तिला राग कसा धरावा हे शिकवत होते.

तेव्हा मुलांनी त्याला सभेत उभे केले ते चूकच होते, असे मी स्पष्ट म्हणेन. त्याला तसे वाटले तर तो बोलेल, आणि न बोलण्याचाही त्याला तुमच्याइतकाच हक्क आहे. ज्यांनी त्याला बोलावले त्यांत तुम्ही होता की नव्हता, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही. होता, तर जाऊन त्याच्याशी स्वतःपुरते बोला, गटाच्या वतीने नको. त्याला कोणी धमकी दिली असेल, तर ती देणाऱ्याचे नाव लिहून रेक्टरांकडे आणि गरज पडली तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि तक्रारीत ‘काही मुलांनी’ असे लिहू नका. कोणी, कोठे, किती वाजता, काय शब्द वापरले, हे लिहा. आणि आज रात्री त्याला मेसमध्ये घेऊन जा.